देवळाच्या दारातील स्वयंसेवक

* दारातील स्वयंसेवक : फाळणीनंतर निर्वासितांसाठी खुल्या झालेल्या कल्याणच्या लष्करी छावणीतून जी वसाहत उभी राहिली आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव पावली, तिच्या कॅम्प १ मधील अकॅथलिक वाचकांस या कामाचे स्वरूप अपरिचित असण्याचा संभव आहे. रविवारच्या मिस्सेस येणाऱ्या भाविकांचे स्वागत करणे, त्यांस जागा दाखविणे, दान गोळा करणे व मिरवणुकीचा बंदोबस्त राखणे, ही सेवा तो विनामोबदला करतो. पूर्वी द्वारपाल हे याजकपदाच्या मार्गावरील कनिष्ठ पदांपैकी पहिले पद असे. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये ते रद्द केले, तथापि काम उरलेच, आणि दीक्षेवाचूनही ते प्रापंचिक स्त्री-पुरुष करीत आले आहेत. — संपादक