काचपात्रात वाढलेले आतड्याचे अस्तर

स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेनचे वैद्य योहान कोनराड पायर यांनी 1677 मध्ये लहान आतड्याच्या आतील पुंजक्यांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात त्यांनी त्यांची गणना ग्रंथींत केली होती. हे पुंजके शरीराच्या संरक्षणव्यवस्थेची ठाणी आहेत हे कळण्यास फार काळ लोटला, आणि त्यांवरील अस्तरात विखुरलेल्या निराळ्या घडणीच्या ‘एम’ पेशींचे मानवी आतड्यातील वर्णन तर ओवेन व जोन्स यांनी 1974 मध्ये केले. वाड्याच्या देवडीवर आल्यागेल्याची आत वर्दी द्यावी, तद्वत या पेशी अन्नमार्गातील जंतू व कण उचलून खालच्या लसीका-पेशींच्या हवाली करतात. परंतु संख्येने विरळ आणि जिवंत माणसाच्या उदरात दडलेल्या या पेशींचे काम प्रत्यक्ष पाहावे कसे, ही अडचण होती.

तिचा परिहार ज्या पेशींनी केला त्या कर्करोगाच्या होत्या. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत योर्गेन फो यांनी 72 वर्षांच्या एका रुग्णाच्या मोठ्या आतड्यातील अर्बुदापासून ‘काको-2’ हा पेशीवंश सिद्ध केला. या पेशी बशीभर पसरून परस्परांस भिडल्या की त्यांची वाढ मंदावते, माथ्यावर सूक्ष्म रसांकुर उगवतात, लहान आतड्यातील शर्कराविघटक विकरे प्रकट होतात, आणि वरचा द्रव त्या तळाशी ओढू लागल्याने अस्तर जागोजागी घुमटासारखे उचलले जाते. उच्छृंखल वाढ हाच ज्यांचा धर्म, त्यांनी कोणी न शिकविता निरोगी आतड्याचा आचार धरावा, याचे मला आजही विलक्षण आश्चर्य वाटते.

1989 मध्ये हिडाल्गो, रॉब व बोर्शार्ट यांनी हेच अस्तर सच्छिद्र पटलावर वाढवून आतड्याची आतली व रक्ताकडची अशा दोन्ही बाजू मोकळ्या केल्या, आणि औषधे किती शोषली जातील हे अजमावण्यासाठी ही पद्धत औषधनिर्मितीत रूढ झाली. पण त्यात एम पेशींचा पहारा नव्हता. 1997 मध्ये केर्नेइस, प्रँगो आदी संशोधकांनी उंदराच्या पायर-पुंजक्यांतील लसीका-पेशी काको-2च्या सान्निध्यात सोडल्या, तेव्हा काही पेशींनी शोषणाचे रूप टाकून एम पेशींचा धर्म स्वीकारला आणि पटकीचे जंतू पलीकडे पोचविले. या इतिहासातील सर्वांत मोलाचा प्रयोग मी हाच मानतो. कारण अस्तराची पेशी काय होईल हे तिच्या कुळावर जितके अवलंबून, तितकेच शेजाऱ्यावरही, हे त्याने प्रत्यक्ष दाखविले.

पुढे उंदराच्या पेशींऐवजी मानवी ‘राजी’ वंशाच्या पेशी योजण्यात आल्या. हा वंश 1963 मध्ये नायजेरियातील 11 वर्षांच्या एका मुलाच्या लसीका-अर्बुदापासून निघालेला. तो मुलगा आणि तो वृद्ध यांची गाठ कधी पडली नाही, तरी दोघांच्या व्याधींतून उरलेल्या पेशी आज एकाच पात्रात, एका पटलाच्या दोन अंगांस नांदतात. एवढे असूनही नुसत्या काको-2च्या अस्तरावर श्लेष्माचा थर नसतो, म्हणून श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी त्यात मिसळाव्या लागतात. आणि 2009 मध्ये सातो व क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातील मूलपेशींपासून लघुआंत्रे वाढविल्यानंतर, 2012 मध्ये त्यांत ‘रँक-एल’ हे प्रथिन घालून एम पेशी उपजविण्यात आल्या, तेव्हा कर्करोगाच्या पेशींचा आधार न घेताही हे काम साधू लागले.