गोमेचा खेळ घडवणारी डोना

१९८१ साली अमेरिकेत अटारी कंपनीचा 'सेंटीपीड' हा नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम आला. सेंटीपीड म्हणजे गोम. तो उभ्या कपाटात मिळे, तसा काचेच्या टेबलातही. टेबलाशी दोघं समोरासमोर बसत. पाळी बदलली की चित्र उलटं फिरे. एड लॉग यांच्यासोबत तो घडवला डोना बेली या बाईंनी. त्यातले फिकट, सुंदर रंग त्यांच्याच आवडीचे.

२०१८ साली आर्केडवनअप कंपनीने रीतसर परवाना घेऊन त्याची पाऊणपट आकाराची प्रतिकृती बाजारात आणली. परवाना मिळतो तो मालक कंपनीकडून. खेळावर नाव दिसतं तेही कंपनीचंच. म्हणून बायांनो, आपल्या गटाच्या पापडाच्या पाकिटावर आपलं नाव छापायला विसरू नका.