दिव्याची काच

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरातल्या समया, निरांजने आणि अडगळीतला एखादा जुना कंदील अंगणात मांडून घासावयास बसण्याची चाल अजून काही घरांतून टिकून आहे. समईला चिंच लागते, पितळी निरांजनाला लिंबाची फोड लागते, आणि कंदिलाच्या काचेला चिमूटभर राख आणि जुन्या धोतराचा मऊ फडका लागतो. हे शेवटचे काम बहुधा घरातल्या धाकट्या मुलाकडे येते; कारण काचेच्या अरुंद गळ्यातून त्याचाच हात आत जातो. ज्या दिवसांत आमच्याकडे रोज संध्याकाळी वीज जात असे, त्या दिवसांत हे काम माझ्याकडे होते. काच नीट पुसली नाही तर वडील काही बोलत नसत. नुसता कंदील माझ्या पुस्तकाजवळ आणून ठेवीत. ती पिवळी मळकट अक्षरे वाचता वाचता माझी शिक्षा आपोआप होत असे.

या काचेची मला फार वर्षांनी पुन्हा आठवण झाली ती वर्गात. शीत कटिबंधाचा धडा चालला होता. बर्फाच्छादित रस्ते, फरचे कोट, लाकडी घरे असे सर्व सांगून झाल्यावर डोंबिवलीच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, “सर, तिथे मोटारीच्या दिव्यांवरच बर्फ बसला, तर रात्री ड्रायव्हरला दिसते कसे?” वर्ग हसला. ज्या गावी पौषातही शाल अंगावर फार वेळ राहात नाही, त्या गावच्या मुलाला ही काळजी कशाला, असे त्या हसण्यात होते. मी हसलो नाही. प्रश्न बरोबर होता, आणि थोडा विचार केल्यावर ध्यानात आले की तो आपल्या ठाणे-कल्याणचाही प्रश्न आहे. आपल्याकडे बर्फ नाही. पण पाऊस आहे, चिखल आहे, घाटातले धुके आहे, आणि एके काळी बोगद्यातला धूर होता. दिवा विझत नाही. त्याची काच आंधळी होते. दिवे लावणाऱ्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. काचा पुसणाऱ्यांचा कोणी फारसा लिहीत नाही. आज थोडा तो सांगावा, असे मनात आहे.

सुरुवात बैलगाडीपासून केली पाहिजे. घाटावरून माल घेऊन कल्याणच्या बंदराकडे उतरणाऱ्या गाड्या रात्रीच्या चालत, आणि कंदील हाताशी आला तेव्हा गाडीवानाने तो टांगला गाडीच्या पोटाखाली. हे पाहणाऱ्याला वेडेपणाचे वाटते; पण त्यात मोठे शहाणपण होते. बैलाला वाट पाठ असे. कंदील हवा होता तो मागच्या-पुढच्याला ‘येथे गाडी आहे’ हे सांगण्यासाठी. गाडीखाली त्याला वारा कमी लागे आणि पाऊस तर लागतच नसे. उडे तो चाकांचा चिखल, आणि तो पुसायला गाडीवानाच्या खांद्यावर उपरणे असे. दिव्याची जागा निवडतानाच काचेचा विचार करणारा हा आपला पहिला वाहनशास्त्रज्ञ होय!

पुढे १६ एप्रिल १८५३ हा दिवस उजाडला. दुपारी साडेतीनच्या सुमारास चौदा डब्यांची गाडी बोरीबंदरहून निघून ठाण्याला आली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तिच्या तीन इंजिनांची नावे. तो सोहळा भर उन्हातला होता, त्यामुळे दिव्यांची चिंता त्या दिवशी कोणालाच पडली नसावी. दुसऱ्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, खाडी ओलांडून आणि पारसिकच्या डोंगरातले बोगदे पार करून रेल्वे कल्याणला पोहोचली. तिथून तिला दोन वाटा फुटल्या: एक बोरघाटाने पुण्याकडे, १८६३ साली, दुसरी थळघाटाने इगतपुरीकडे, १८६५ साली. बोरघाटाची चढण अशी की पंधरा मैलांवर थोड्या अंतरात गाडीला १८३१ फूट वर जावे लागे. काही ठिकाणी दर ३७ फुटांना एक फूट चढ. वाटेत पंचवीस बोगदे. या घाटातल्या कामाचा एक ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच वारला, आणि ते काम त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, पुढे चालविले.

आता या वाटेवरची आषाढातली रात्र डोळ्यांपुढे आणा. खाली कर्जतला पाऊस, वर खंडाळ्याला ढग रुळांवर उतरलेला, आणि मध्ये बोगद्यांतून कोंडलेला इंजिनाचा धूर. इंग्रजी पद्धतीच्या जुन्या इंजिनांच्या कपाळावर जो तेलाचा दिवा असे, तो वाट दाखविण्याइतका प्रखर नव्हताच. गाडीवानाच्या कंदिलासारखाच तो ‘मी येत आहे’ एवढेच सांगे. मोठ्या झोताचे विजेचे दिवे इंजिनांवर फार पुढे आले. तेव्हा ड्रायव्हरचा सगळा भरवसा रुळांकाठच्या सिग्नलच्या दिव्यावर. मोटार वळवता येते, पटकन थांबवता येते. रेल्वेला यातले काहीच जमत नाही. म्हणून रेल्वेने आपल्या गाडीच्या दिव्यापेक्षा वाटेवरच्या दिव्याची अधिक निगा राखली.

ती निगा राखणारा माणूस म्हणजे लॅम्पमन, स्टेशनावरचा बत्तीवाला. दिवे ठेवण्याची आणि साफ करण्याची एक खोली असे. तिच्या अंगाला कायमचा घासलेटचा वास. तेथे बसून तो वाती कातरी, तेल भरी, काचा पुशी. मग दिवे हातात घेऊन सिग्नलपर्यंत चालत जाई आणि खांबाची लोखंडी शिडी चढून दिवा जागी बसवी. पावसात ती शिडी किती निसरडी होत असेल, याची कल्पना आपण करावी. गार्डाचा हातदिवा आणि शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा यांचीही अशीच उठाठेव असे. तो लाल दिवा दिसला म्हणजे गाडी पुरी आली, मागे डबा सुटलेला नाही, अशी खूण पटे.

त्या सिग्नलच्या काचेतही एक गंमत होती. घासलेटची ज्योत पिवळी. तिच्यापुढे हिरवी काच धरली तर रंग मळका दिसे. म्हणून ती काच जरा निळसर करीत. पिवळ्या ज्योतीतून तिचा चोख हिरवा दिसे. यावर साध्या काजळीचा थर बसला, की सगळा हिशेब चुकला. त्याहून भयंकर म्हणजे काच फुटणे. पूर्वी पांढरा दिवा म्हणजे ‘रस्ता मोकळा’ असा अर्थ होता. लाल काच फुटून पडली तर आतला पांढरा उजेड उघडा पडे, आणि जो दिवा ‘थांब’ म्हणावयाचा तोच ‘ये’ म्हणू लागे. विलायतेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘मोकळा’ यासाठी पांढरा सोडून हिरवा घेतला गेला, त्यामागे ही भीतीही होती.

आणि धुक्यात कोणताच दिवा दिसेनासा झाला तर? त्यावर रेल्वेने जो उपाय काढला तो दिवाळीच्या वाचकांना आवडेल: फटाका. एडवर्ड काउपर नावाच्या इंग्रज इंजिनियराने १८४१ साली तो शोधला. सिग्नलच्या अलीकडे रुळावर दारूची चपटी डबी बांधावयाची. चाक वर आले की ती फुटते आणि ड्रायव्हर सावध होतो. आपल्या रेल्वेच्या नियमात हे फटाके सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे, एकमेकांपासून दहा मीटरवर, दोन लावावयाचे आहेत. डोळ्यांना दिसेना तर कानांना सांगावे, असा हा सरळ व्यवहार आहे.

पण दिवा पुसला, फटाका लावला, तरीही निसर्ग कसा फसवितो याचा धडा रेल्वेने शिकला तो खऱ्याखुऱ्या बर्फात, आणि आपल्यापासून फार दूर. २१ जानेवारी १८७६ ची संध्याकाळ. इंग्लंडात ॲबट्स रिप्टन या गावाजवळ हिमवादळ चालले होते. त्या काळी तेथील सिग्नल एरवी ‘मोकळा’ दाखवीत आणि गरज पडली म्हणजेच ‘थांब’ दाखवीत. ‘मोकळा’ असताना सिग्नलचा हात खांबाच्या खाचेत लपे. त्या खाचेत बर्फ भरला आणि गोठला. सिग्नलवाल्याने लिव्हर फिरविला, त्याच्या मते सिग्नल ‘थांब’वर आला. वर मात्र हात अडकूनच राहिला आणि पांढरा दिवा गाड्यांना बोलावीत राहिला. एडिंबरोहून येणारी वेगवान गाडी पुढच्या कोळशाच्या मालगाडीवर आदळली, आणि थोड्याच वेळाने उलट दिशेने आलेली दुसरी वेगवान गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली. तेरा-चौदा माणसे गेली. त्यानंतर ठरले की सिग्नलने एरवी ‘थांब’च म्हणावे, बिघडला तरी ‘थांब’च म्हणावे, आणि वाट खरोखरच मोकळी असेल तेव्हाच ‘ये’ म्हणावे. आज डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या माणसाला लाल दिव्यापाशी अडलेल्या लोकलचा राग येतो. तो यावयाचाच. पण त्या लाल दिव्यामागे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बर्फाच्या रात्रीची आठवण आहे, हे कळले तर राग थोडा निवेल.

१९२९ साली कल्याण-पुणे मार्गावर विजेची गाडी धावू लागली, दुसऱ्या वर्षी इगतपुरीपर्यंतही गेली, आणि बोगद्यांतला धूर हळूहळू ओसरला. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या त्या विजेच्या इंजिनांना आपल्या लोकांनी ‘खेकडा’ असे नाव ठेवले होते. रेल्वेच्या दिव्याची काजळी अशी कमी होत असतानाच सडकेवर मोटार वाढत होती, आणि तिच्या दिव्यांची कथा वेगळीच आहे.

मोटारीचे आणि सायकलचे आरंभीचे पुष्कळ दिवे कार्बाइडचे. वरच्या भांड्यातून पाण्याचे थेंब खाली कार्बाइडवर पडत, वायू निघे आणि त्याची शुभ्र ज्योत वाऱ्यापावसाला सहसा दाद देत नसे. पण थंड मुलखात भांड्यातले पाणीच गोठे आणि दिवा उपाशी मरे. पुढे विजेचे दिवे आले. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत इंजिन चालू करण्यापासून दिव्यांपर्यंत सर्व विजेवर आले, आणि दिवा लावण्याचा प्रश्न सुटला. काच पुसण्याचा मात्र सुटला नाही. उलट एकदा तर आपणच ती काळी केली: १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगविलेला ज्यांनी पाहिला, ते लोक आजही आपल्यात आहेत.

कल्याणहून मुरबाडवरून ओतूर-जुन्नरकडे जाणारा रस्ता माळशेज घाट चढतो. काही वर्षांपूर्वी श्रावणात मी त्या वाटेने एसटीने जात होतो. संध्याकाळ होती. घाटाच्या मध्यावर ढग खाली आला आणि पुढचे वळण नाहीसे झाले. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. आम्हाला वाटले, आता इथेच मुक्काम. तो उतरला, फडक्याने दोन्ही दिव्यांच्या काचा पुसल्या, पुढच्या मोठ्या काचेवर हातातली तंबाखू चोळली म्हणजे पाण्याचे थेंब धरत नाहीत, आणि पुन्हा येऊन बसला. झोत वर न टाकता त्याने खाली ठेवला. वर टाकला तर धुके तोच उजेड आपल्या डोळ्यांत परत फेकते. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी विचारले, “दादा, आता दिसतंय का?” तो म्हणाला, “मला थोडं दिसतंय आजी. पण समोरच्याला आपण दिसायला पाहिजे ना.” गाडीवानाचा कंदील मला तेव्हा आठवला.

तर आता त्या मुलाच्या बर्फाकडे येऊ. तो बर्फही ठाण्याला अगदी परका नाही. भिवंडीच्या गोदामांतून भरलेला ट्रक आग्रा रोडने कसारा चढतो, पंजाब-हरयाणातले पौषाचे धुके कापतो, आणि काश्मीरकडे निघाला असेल तर बनिहालपाशी हिमाला भेटतो. तेथे १९५६ साली जवाहर बोगदा झाला. रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. पण बोगद्याबाहेर रस्ता आहेच, आणि त्यावर चाकांनी उडविलेला बर्फाचा राडा समोरच्या गाडीच्या काचेवर बसून गोठतो. अशा वेळी नवशिका माणूस उकळते पाणी ओततो आणि काच तडकते. जाणता माणूस मऊ कुंच्याने भुसभुशीत बर्फ आधी झाडतो, घट्ट थर लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच सोडवितो, आणि वाटेत थांबून थांबून हेच करीत राहतो. स्वीडनमध्ये साब कंपनीने १९७० साली दिव्यांच्या काचांनाच छोटे वायपर बसविले. पुढे युरोपात फार प्रखर दिव्यांना काच धुण्याची व्यवस्था सक्तीची झाली, कारण मळक्या काचेतून प्रखर उजेड विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपवितो.

आणि या कथेतला सगळ्यांत चमत्कारिक भाग आपल्या काळातला आहे. जुना तारेचा दिवा विजेचा बराचसा भाग उष्णतेतच घालवी. आपण त्याला उधळ्या म्हणत होतो. पण त्या उधळपट्टीने काच कोमट राही आणि तिच्यावरचा बर्फ आपोआप वितळे. नवा एलईडी दिवा काटकसरी. त्याची उष्णता थोडी, आणि तीही मागच्या बाजूने निघून जाते. तोंड थंड ते थंडच. अमेरिकेच्या उत्तर भागात चौकांतले सिग्नल एलईडीचे केले, तेव्हा २००९ च्या सुमारास लोकांच्या ध्यानात आले की दिवे आत जळत आहेत आणि बाहेर बर्फाने झाकले गेले आहेत. पुन्हा शिडी, पुन्हा माणूस, पुन्हा कुंचा! आपल्याकडे बर्फाचे काम ऊन करते: हल्लीच्या दिव्यांपुढे काच नसून प्लॅस्टिक असते, आणि ते आपल्या उन्हात काही वर्षांत पिवळट होते. दिवा नवा आणि झोत म्हातारा, असा प्रकार ठाण्याच्या कोणत्याही रस्त्यावर दिसेल.

मी त्या मुलाला नंतर एवढेच सांगितले: “तिथल्या ड्रायव्हरला दिसते, कारण कोणीतरी थांबून काच पुसतो.” त्याला ते उत्तर फार साधे वाटले असावे. पण दीडशे वर्षे शोधून रेल्वेला, मोटारीला आणि विजेला याहून मोठे उत्तर सापडलेले नाही.

या दिवाळीत दारी आकाशकंदील लावाल, पणत्यांची ओळ मांडाल. तेवढे झाले की फडका घेऊन एकदा खाली उतरा आणि घरच्या स्कूटरच्या, मोटारीच्या, सायकलच्या दिव्यावरून तो फिरवा. पावसाळ्याचा चिखल अजून त्यावर वाळलेला असेल. तो उजेड समोरून येणाऱ्या कोणा अनोळखी माणसाच्या उपयोगी पडणार आहे.