कवटीचे माप आणि माणसाची ओळख

सांस्कृतिक मानवशास्त्र हे नाव ऐकले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एखादे दूरचे बेट, तेथले मुखवटे घालून नाचणारे लोक आणि वही घेऊन बसलेला एखादा साहेब उभा राहतो. चित्र अगदीच खोटे आहे असे नाही. परंतु आज मी तुम्हांला त्या बेटावर नेणार नाही. बर्लिन शहराच्या डालेम नावाच्या भागात आपल्याला जावयाचे आहे, आणि तेही पुण्याहून गेलेल्या एका तरुण स्त्रीच्या सोबतीने.

इरावती कर्वे १९२८ साली जर्मनीस गेल्या. त्यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तेथल्या नदीचेच नाव त्यांना मिळाले. शिक्षण हुजूरपागेत व फर्ग्युसन कॉलेजात झाले, आणि मग मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली. डालेमला मानवशास्त्र, आनुवंशिकता व सुप्रजाजनन यांची कैसर विल्हेल्म संस्था आदल्याच वर्षी निघाली होती. ऑयगेन फिशर हे तिचे संचालक. बाईंना विषय मिळाला तो कवटीचा. माणसाची कवटी डाव्या-उजव्या अंगांनी तंतोतंत सारखी नसते. हा असारखेपणा निरनिराळ्या वंशांत कमीअधिक आढळतो काय, हे पाहावयाचे होते. वरवर पाहता प्रश्न निरुपद्रवी! पण त्याच्या पोटात एक आडाखा दडलेला होता: युरोपियन माणसाची बुद्धी जर श्रेष्ठ, तर त्या श्रेष्ठत्वाची खूण हाडांतही उमटलेली असलीच पाहिजे.

बाईंनी कवट्या मोजल्या. असारखेपणा सर्वत्र होता; वंशाशी त्याचा संबंध मात्र लागेना. तसे त्यांनी प्रबंधात लिहिले आणि १९३० साली पदवी घेऊन त्या परतल्या. परदेशातून आलेली विद्यार्थिनी, गुरूचा आडाखा ठाऊक असताना, आकडे सांगतील तेच लिहिते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या संस्थेचे शास्त्र नाझी राज्यकर्त्यांच्या वंशशुद्धीच्या कायद्यांना टेकू देऊ लागले.

त्या काळी जर्मन संग्रहालयांत कपाटेच्या कपाटे कवट्यांनी भरलेली होती, त्यांतल्या कितीतरी आफ्रिकेतील वसाहतींतून आलेल्या. नैर्ऋत्य आफ्रिकेत १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. त्या मृतांपैकी काहींची मस्तकेही बर्लिनला रवाना झाली. २०११ साली त्यांतल्या २० कवट्या नामिबियाला परत देण्यात आल्या. शास्त्रज्ञाच्या टेबलावर जो नमुना होता, तो कोणाचा तरी बाप होता, कोणाची तरी बहीण होती. हे मान्य करावयास शंभर वर्षे लागली.

आपण हा सगळा परकीयांचा अपराध म्हणून हात झटकू शकत नाही. आपल्याकडे १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाचे माप घेतले होते. नाकाच्या रुंदीला लांबीने भागावयाचे, शंभराने गुणावयाचे. आकडा जितका लहान तितकी जात वरची, असा त्यांचा दावा. त्याच खानेसुमारीत जाती सामाजिक मानाच्या उतरंडीने मांडण्याचे ठरले, आणि मग काय! आमचे स्थान एक पायरी वर लिहा, म्हणून सरकारकडे अर्जांचा पाऊस पडला. उतरंडच नको, असे म्हणणारे थोडे. पुढे १९३२ साली घुर्ये यांनी जात व वंश यांवरील आपल्या ग्रंथात प्रांतवार मापे तपासली. उत्तर हिंदुस्थानच्या एका भागात नाक आणि मान यांचा मेळ थोडाफार बसत होता. महाराष्ट्रासारख्या प्रांतांत तो बसत नव्हता.

अमेरिकेत फ्रान्झ बोआस यांनी याच सुमारास मोजपट्टी मोजणाऱ्यांवरच उलटविली. हे गृहस्थ मूळचे जर्मन, पदार्थविज्ञानातले पदवीधर. १८८३ साली ते उत्तरेकडील बॅफिन बेटावर एस्किमोंमध्ये राहिले आणि माणसांत रमले. १९०८ पासून त्यांनी न्यूयॉर्कमधील सुमारे १८,००० स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची डोकी मोजली. डोक्याचा आकार हा वंशाचा अढळ शिक्का मानला जाई. पण अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी आईबापांहून वेगळी भरली. (हे आकडे २००२-०३ मध्ये पुन्हा तपासले गेले, फरक किती मोठा मानावा, यावर वाद झाला.) डोक्याच्या आकारावर परिस्थितीचाही हात फिरतो असे एकदा म्हटले, की माणसाच्या वागण्याचा उलगडा हाडांत शोधून भागत नाही. तो त्याच्या भाषेत, नात्यागोत्यांत, जेवणाच्या पंगतीत शोधावा लागतो. सांस्कृतिक मानवशास्त्र वाढले ते या वाटेने.

इरावतीबाईंनी मोजपट्टी टाकून दिली, असे मात्र कोणी समजू नये. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रभर मापे घेतली. ब्राह्मण या एकाच नावाखाली मोडणाऱ्या आठ गटांमध्ये शारीरिक फरक किती, हे त्यांनी १९६८ साली एका सहकाऱ्यासह मांडले. परंतु त्यांचे ज्या ग्रंथामुळे नाव झाले तो १९५३ चा ग्रंथ हाडांचा नव्हे, भारतातील नातेसंबंधांचा आहे. मामेबहिणीशी लग्न कोठे चालते, कोठे चालत नाही. सुनेने कोणापुढे पदर घ्यावा. यांत त्यांना देशाचा नकाशा दिसला.

आणि मग त्या वारीला गेल्या. त्यांच्या दिंडीत ब्राह्मणांचे जेवण वेगळे आणि मराठ्यांचे वेगळे. भजन एक, विठ्ठल एक, पंगती दोन. बाईंना हे सलले. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या, तेव्हा त्या बायका मोकळेपणाने बोलू लागल्या, हात धरून चालू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ, असेही कोणी म्हणाल्या. तेव्हा त्यांच्यातल्या एका मुलीने विचारले, की आम्ही पुण्याला आलो तर तेथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल काय? तो प्रश्न आपल्याला जिव्हारी लागला, असे बाईंनी लिहून ठेवले आहे.