खर्जाची पेटी

आमच्याकडे जत्रेतल्या स्टेजवर वाद्यं चढवायला लागली की सगळ्यात शेवटी बेसवाल्याचं सामान चढायचं. कारण सरळ होतं. ते उचलायला चार माणसं लागत, आणि ती चार माणसं आधी मोकळी व्हावी लागत. १५ इंची दोन स्पीकर, जाड प्लायवूड, वरून काळं रेक्झिन आणि खाली चार चाकं (त्यांतलं एक कायम अडलेलं) अशी ती पेटी मी अकरा-बारा वर्षं वागवली. आमच्या ग्रूपमध्ये तिला ‘फ्रीज’ म्हणत. पुढे वाचनात आलं की अमेरिकेतले वादकही त्यांच्या मोठ्या पेटीला फ्रीजच म्हणतात, तेव्हा जरा बरं वाटलं.

मग २०१८ च्या सुमारास माझ्या कमरेने असहकार पुकारला. मणक्यातली चकती सरकली, आणि दहा-बारा किलोंच्या वर काही उचलायचं नाही अशी ताकीद मिळाली. आता गिटार विकायची किंवा पेटी बदलायची, एवढेच दोन रस्ते. गिटार विकवेना. शेवटी एका १२ इंची स्पीकरची, जेमतेम बारा किलोंची पेटी घेतली. ती पहिल्यांदा तालमीला नेली तेव्हा आमच्यातल्या बुजुर्ग पेटीमास्तरांनी (म्हणजे हार्मोनियमवाल्यांनी, ‘पेटी’ हा शब्द या लेखात थोडा घोळ घालणार आहे) चष्म्यावरून बघत विचारलं, “हे काय रे? जेवणाचा डबा?”

“खर्ज आहे मास्तर, आत.”

“मावेल इतक्यात?”

या ‘मावेल इतक्यात’चं उत्तर शोधताना मी बराच मागे गेलो. पार काँट्राबासपर्यंत.

हे वाद्य आपल्या गोव्याला परकं नाही. इंग्रजीत ज्याला डबल बास म्हणतात त्याला पोर्तुगीजमध्ये रबेकांव. चर्चच्या पॅरिश शाळांतून नोटेशन शिकून मुंबईला गेलेले आपले गोंयकार हॉटेलांच्या बँडमध्ये आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवत, तसंच कुणी कुणी माणसाहून उंच असलेलं हे धूडही उभं राहून वाजवत. त्याच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. हवेत त्याच्या एका लाटेची लांबी भरते आठ मीटरांच्या वर. अशी लाट उठवायची तर पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून त्या वाद्याचं पोट तेवढं मोठं. थोडक्यात, बेसवाल्याची पेटी मुळात वाद्याच्या अंगालाच होती.

अडचण झाली ती ड्रम आणि पितळी वाद्यांसमोर. एवढ्या मोठ्या पोटाचा आवाजही त्यांच्यापुढे बुडायचा. अमेरिकेत एव्हरेट हल नावाच्या वादकाने १९४६ साली युक्ती काढली. काँट्राबास जमिनीवर ज्या खुंटीवर उभा राहतो, त्या खुंटीच्या वरच्या टोकाला, वाद्याच्या पोटात, मायक्रोफोन बसवला. खुंटी म्हणजे पेग. ‘अॅम्प्लिफाइड पेग’चं झालं अॅम्पेग, आणि त्याच नावाने त्याची कंपनी उभी राहिली.

दुसरी उडी लिओ फेंडरची. विजेची बेस गिटार १९३०च्या दशकात सिएटलच्या पॉल टटमार्कनेही बनवली होती, पण ती चालली नाही. फेंडरची १९५१ ची ‘प्रिसिजन बेस’ मात्र जगभर गेली. भरीव लाकडाची, गळ्यात अडकवून चालण्याजोगी, काखेत मारून बसमध्ये चढण्याजोगी. तिला पोटच नव्हतं! वाद्य हलकं झालं याचं सगळ्यांनी कौतुक केलं, पण ते पोट गेलं कुठे? फेंडरने पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, १५ इंची स्पीकरचा ‘बेसमन’ अॅम्प बाजारात आणला, तो त्याचं उत्तर. वाद्याचं पोट कापून वेगळं केलं आणि त्याला मूठ लावली. (या बेसमनवर पुढे गिटारवाल्यांनीच हक्क सांगितला. मार्शलचा पहिला अॅम्प त्याच्याच आराखड्यावरून झाला. बेसवाल्याच्या वाट्याला काही चांगलं आलं की ते गिटारवाला घेऊन जातो, हा जुना अनुभव आहे.)

ही मूठ लावलेली पेटी आरंभी चांगली आटोपशीर होती. १९६० साली अॅम्पेगमध्ये जेस ऑलिव्हरने ‘पोर्टाफ्लेक्स बी-१५’ केला. एक १५ इंची स्पीकर, २५ वॉट, आणि काम झालं की अॅम्पचा भाग उलटा करून पेटीच्या आत ठेवायचा. मोटाऊनचा जेम्स जेमर्सन क्लबांत हाच वापरायचा. स्टुडिओत मात्र त्याची गिटार बहुतेक वेळा पेटी वगळून थेट रेकॉर्डिंगच्या यंत्रणेत जोडलेली असे. ज्या बेसवर अर्धं जग नाचलं तो बऱ्याचदा कुठल्याच पेटीतून आलेला नव्हता. हा धागा लक्षात असू द्या.

मग पेट्या फुगल्या कशाने? श्रोते वाढले, पण त्यांच्यापर्यंत आवाज नेणारी वेगळी यंत्रणा वाढली नव्हती. १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये साडेपंचावन्न हजारांपुढे वाजवायला उभे राहिले, तेव्हा गाणं स्टेडियमच्या भोंग्यांतून आणि वाद्यं मंचावरच्या १०० वॉटच्या व्हॉक्स अॅम्पांतून. लोकांच्या आरोळ्यांत कुणाला काय ऐकू आलं असेल देव जाणे. मंचावरची पेटीच साऱ्या मैदानाला पुरवायची, हा त्या काळचा हट्ट होता. त्यातूनच १९६९ मध्ये अॅम्पेगचा ‘एसव्हीटी’ आला. ३०० वॉट, चौदा व्हॉल्व, आणि प्रत्येकी दहा इंची आठ स्पीकर असलेल्या दोन पेट्या. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या अमेरिकेच्या दौऱ्यात त्याचे नमुने वापरले. त्या घराण्यातल्या आजच्या एका पेटीचं वजन ६३ किलोंच्या आसपास आहे. या हट्टाचं टोक म्हणजे ग्रेटफुल डेडची १९७४ सालची ‘वॉल ऑफ साउंड’. मंचामागे स्पीकरांची भिंतच, वजन अंदाजे ७५ टन. ऑक्टोबरपर्यंत त्यांनीच ती बंद केली.

आता गंमत ऐका. त्या आठ स्पीकरच्या अवाढव्य पेटीच्या माहितीपत्रकात आवाज साधारण ५८ कंपनांच्या खाली उतरायला लागतो असं दिलेलं असतं. बेसची सगळ्यात खालची तार तर ४१ ची! म्हणजे ज्या खर्जासाठी चार माणसांनी कंबर मोडून घेतली, त्यातला मूळ स्वर त्या फ्रीजमधूनही पुरता येत नाही. येतात ते त्याचे वरचे उपस्वर, ८२, १२३ आणि त्यापुढचे, आणि त्यांच्यावरून मूळ स्वर आपला मेंदू स्वतःच जुळवून घेतो. लहानशा रेडिओवर तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा ओळखू येतो तो याच कारणाने.

मोठ्या पेटीला दुसरं कारणही होतं. पेटी नेमकी केवढी करायची याचं गणितच नीट बसलेलं नव्हतं. पेटी लहान, खर्ज खोल, आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात, तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. याला ‘हॉफमनचा लोखंडी नियम’ म्हणतात. केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे हा हॉफमन, प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमनचा मुलगा. नियम मोडता येत नाही, पण त्यात नेमकी देवघेव करता येते. ती कशी करावी हे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीलने १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉलने १९७०च्या दशकाच्या आरंभी गणिताने मांडून दिलं. त्यांच्या आकड्यांवरून स्पीकरला किती लिटरची पेटी हवी आणि तिला किती रुंद-लांब छिद्र हवं, हे सुताराने करवत उचलण्यापूर्वीच सांगता येतं.

छिद्र म्हटल्यावर आपल्या घुमटाची आठवण न होईल तर तो गोंयकार कसला! मातीच्या मडक्याला दोन तोंडं. मोठ्यावर चामडं ताणलेलं (पूर्वी घोरपडीचं, आता बकरीचं), लहान तोंड उघडं. चवथीच्या आरतीला घुमटवाला उजव्या हाताने वाजवतो आणि डाव्या तळव्याने ते लहान तोंड झाकत-उघडत खर्ज खालीवर करतो. आतली हवा आणि तोंडातली हवा मिळून झोका घेतात, त्याचा तो घुमारा. बेल प्रयोगशाळेच्या थुरासने १९३२ मध्ये स्पीकरच्या पेटीला छिद्र पाडण्याचं पेटंट मिळवलं, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. गळ्यात अडकवून घरोघर हिंडता येईल एवढ्या मडक्यात खर्ज मावतो, हे शामेळ आणि कासाळ्याच्या साथीने आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मास्तरांनाही मी हेच सांगितलं. त्यांनी नुसतं “हूं” केलं.

वजन उतरायला तेवढ्याने भागलं नसतं. १९८३-८४ च्या सुमारास जपानमध्ये सुमितोमोच्या मासातो सागावांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने वेगवेगळे, पण जवळजवळ एकाच वेळी, निओडिमियमचे लोहचुंबक तयार केले. फेराइटच्या थाळीएवढ्या चुंबकाचं काम मुठीत मावणारा तुकडा करू लागला. स्पीकरात ते रुळायला वेळ लागला, आणि २०११ मध्ये चीनने निर्यात आवळल्यावर भाव असे भडकले की काही काळ जड चुंबकच बरं वाटावं. अॅम्पचंही तसंच. लोखंडी ट्रान्सफॉर्मर जाऊन क्लास-डी आलं आणि ५०० वॉट तीन किलोंत बसू लागले. इटलीच्या मार्कबेसने २००० नंतर हे घराघरात नेलं. इंग्लंडच्या फिल जोन्सने तर पाच-पाच इंची स्पीकर ओळीने लावून बेसच्या पेट्या केल्या.

हे सगळं वाचून, मान डोलावून, मी माझा बारा किलोंचा डबा घेऊन फोंड्याकडच्या एका जत्रेला गेलो आणि तोंडघशी पडलो.

मैदान उघडं. वर आभाळ, मागे माड. खोलीच्या भिंती खर्जाला हात देतात, हे मी तालमीच्या खोलीत विसरलो होतो. मैदानात हात द्यायला कुणी नाही. शिवाय त्या रात्रीच्या साउंडमध्ये नुसते ‘टॉप’ होते, गाण्याच्या आवाजापुरते, ‘बेस’ आणलेच नव्हते. दुसऱ्या गाण्यालाच ड्रमवाला माझ्याकडे बघून कानाला हात लावायला लागला. मी आवाज वाढवला. चौथ्या गाण्यात डबा खोकू लागला, स्पीकरची वाटी आपल्या मर्यादेच्या पलीकडे धडका मारत होती. उरलेला कार्यक्रम मी जवळजवळ हवेत वाजवला. मास्तर परतताना गाडीत काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

चूक पेटीची नव्हती. ती आता मैदानासाठी नाहीच, माझ्यासाठी आणि ड्रमवाल्यासाठी आहे. मैदानाचं काम साउंडवाल्याच्या यंत्रणेकडे गेलंय, जेमर्सनची गिटार स्टुडिओत जशी थेट जोडली जायची तशी. हे कळल्यावर सवयी बदलल्या. सुपारी ठरवतानाच विचारतो, साउंडमध्ये बेस आहेत का? असतील तर अॅम्पमधून एक वायर थेट त्यांच्या मिक्सरला. डबा जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, कानाच्या दिशेने. जमिनीलगत खर्ज फुगतो पण स्वर कळत नाही, आणि मला स्वर कळायला हवा. ४० च्या खालचं सगळं गाळून टाकायचं, म्हणजे वाटी विनाकारण धापा टाकत नाही. आणि साउंडमध्ये बेस नसतील तर सरळ सांगतो, आज बेस धीम्याच ऐकू येणार, ड्रमवाल्याने ब्रश घ्यावेत. तियात्राच्या बँडला हे शहाणपण फार आधीपासून आहे. मंचाच्या पायथ्याशी बसून वाजवायचं, आणि कांताराचा शब्द बुडता कामा नये.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. फ्रीज होता तेव्हा आवाज माझा होता. बरा-वाईट, पण मी बटण फिरवलं की शेवटच्या रांगेत फरक पडायचा. आता मी काय वाजवतो आणि लोकांना काय ऐकू येतं, यांच्यामध्ये मिक्सरवर बसलेला एक पोरगा असतो. त्याने बटण खाली ठेवलं तर मला पत्ताही लागत नाही. माझा डबा माझ्या कानात गोडच वाजत राहतो. म्हणून हल्ली मी आधी जाऊन त्या पोराशी ओळख करून घेतो, त्याला चहा आणून देतो.

गेल्या जत्रेलाही दहाच्या ठोक्याला कार्यक्रम संपला. मी डबा एका हातात आणि गिटार खांद्यावर घेऊन निघालो. मागे साउंडवाल्याची पोरं दोन अठरा-अठरा इंचींचे ‘बेस’ स्टेजखालून ओढत टेंपोकडे नेत होती. एका पेटीला चौघं. त्यातलं एक चाक अडलेलं होतं. मी डबा गाडीत ठेवला आणि सवयीने टेंपोकडे वळलो, तेवढ्यात पेटीमास्तरांनी मागून हाक मारली, “अरे ए, कंबर सांभाळ. तुझं ओझं आता त्यांचं.”