हातातून हातात: मोगरीचा वारसा

सुताराच्या पेटीतील सर्वांत दुर्लक्षित हत्यार कोणते, असे विचारले तर मोगरीकडेच बोट दाखवावे लागेल. करवतीला कानस लागते, पटाशी तेलाच्या दगडावर घासली जाते, रंध्याचे पाते प्रकाशात धरून पारखले जाते. मोगरी मात्र काम संपले की कोपऱ्यात पडते. तरीही एक सुतार दुसऱ्या सुतारासाठी स्वतःच्या हाताने काही घडवून भेट देतो, तेव्हा ती वस्तू पुष्कळदा हातोडी किंवा मोगरीच असते. या भेटीमागे एक जुना इतिहास आहे.

स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९३६ साली मेस्टरमूर येथे शेत नांगरताना एका शेतकऱ्याच्या फाळाला ओकची पेटी अडकली. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीची ती पेटी एका कारागिराची होती. तिच्यातील व तिच्या आसपासच्या दोनशेहून अधिक वस्तूंत हातोडे होते, करवती होत्या, वाकस होते. इंग्लंडची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १५४५ साली बुडाली आणि १९८२ साली समुद्रतळातून वर काढण्यात आली. त्या नौकेवरील सुतारांच्या हत्यारांत लाकडी मोगऱ्याही सापडल्या. आजच्या सुताराच्या हाती त्यांतील एखादी दिली, तर ती कशी धरावी हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. साडेचार शतकांत इतका कमी बदल झालेल्या वस्तू थोड्याच.

हे टिकाऊपण तिच्या रचनेत आहे. पटाशीच्या लाकडी मुठीवर लोखंडी हातोडीचे घाव घातले तर मूठ फुटते. म्हणून तिथे लाकडावर लाकूडच हवे. युरोपात त्यासाठी बीचसारखे चिवट लाकूड वापरीत, आपल्याकडे बाभळीसारखे. चौकोनी मोगरीच्या डोक्यातील भोक वरच्या बाजूस किंचित रुंद असते. दांडाही तसाच निमुळता करून वरून खाली ओवतात. मग प्रत्येक घावागणिक डोके बाहेरच्या दिशेने ओढले जाते आणि दांड्यावर अधिकच घट्ट बसते. खिळा नको, पाचर नको. दोन्ही तोंडे थोडी तिरकी ठेवतात, कारण हात कोपराभोवती फिरतो आणि घाव मुठीवर सरळ बसायला हवा. म्हणजे मोगरी करणाऱ्याला लाकडाबरोबर ती वापरणाऱ्याचा हातही ओळखावा लागतो. दुसऱ्यासाठी ती करायची, तर त्याची उंची, त्याची पकड, त्याच्या कामाची जात हे सारे ध्यानात घ्यावे लागते. भेटीचे खरे मोल तिथे आहे.

हत्यारे देण्याची रीत सुतारांच्या व्यवसायात पूर्वीपासून होती. इंग्लंडमध्ये व अमेरिकेतील वसाहतींत मुलगा करार करून कारागिराकडे शिकायला राही. मुदत संपल्यावर उस्तादाने त्याला कपडे आणि काही वेळा धंद्याची हत्यारेही द्यावीत, असे अशा करारांत लिहिलेले असे. जुन्या इंग्रजी रंध्यांवर दोन-दोन, तीन-तीन मालकांची नावे एकाखाली एक ठोकलेली आढळतात. माणसे गेली, हत्यार पुढच्या हाती चालत राहिले.

या परंपरेतील सर्वांत देखणे उदाहरण अमेरिकेतील हेन्री स्टडली याचे. १८३८ साली जन्मलेला हा कारागीर तेथील यादवी युद्धात लढला, टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे कैद झाला, आणि पुढे मॅसेच्युसेट्समधील क्विन्सी गावी पियानोच्या कारखान्यात कामाला लागला. महोगनी, शिसव, आबनूस, हस्तिदंत व शिंपला वापरून त्याने भिंतीवर टांगण्याची एक पेटी घडविली. बंद केली तर लहानशा कपाटाएवढी. पुस्तकासारखी उघडली की सुमारे तीनशे हत्यारे आपापल्या घरात बसलेली दिसतात. त्यांत एक मोगरी आहे. धातूच्या पोकळ कवचात लाकूड ठासून बसविलेली ती मोगरी आज सुतारांमध्ये स्टडलीच्याच नावाने ओळखली जाते. १९२५ साली मृत्यू येण्यापूर्वी त्याने ही सारी पेटी एका मित्राला देऊन टाकली. मित्राच्या घराण्याने ती दोन पिढ्या जपली, म्हणून १९८० नंतर ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात लोकांना पाहता आली. १९९० च्या दशकात तिची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि दूरदूरचे कारागीर तशा मोगऱ्या स्वतः घडवू लागले.

इथे एक प्रश्न मनात उभा राहतो. स्टडलीची मोगरी काचेआड गेली म्हणून वाचली. पण मोगरी वाचविण्यासाठी असते काय? पटाशीची मूठ शाबूत राहावी म्हणून घाव स्वतःवर घेणे हाच तिचा धर्म. वापरणाऱ्याकडे ती काही वर्षांत चेपते, तिच्या कडा झडतात, शेवटी ती चुलीत जाते. देणाऱ्याला हे ठाऊक असते, आणि तरीही तो तिच्या कडा काळजीने गोल करतो, दांडा घासून तेल पाजतो. आपली भेट फडताळात शोभेला ठेवलेली दिसली, तर त्याला मनातून वाईटच वाटेल.

स्टडलीची पेटी पाहून मन थक्क होते. पण दुसऱ्याच्या कामात झिजून जावी अशा इच्छेने दिलेली एखादी साधी बाभळीची मोगरी त्याच घराण्यातील आहे. ती मिळालेल्या सुताराने एवढेच करावे: ती वापरावी, आणि झिजली की कोणासाठी तरी नवी घडवायला बसावे.