दिवसाउजेडीचे आल्बम : लालबर्रा परिसरातले जुने फोटो आणि रात्रीचा प्रश्न

लालबर्रा आणि आजूबाजूच्या गावांतले जुने फोटो गोळा करायला आपण निघालो, तेव्हा वाटलं होतं की लग्नं, मंडई, दंडार, भजनं असं सगळंच हाती लागेल. आल्बम मिळालेही. पण ते सतरंजीवर पसरून बसल्यावर एक गोष्ट खटकली. जवळजवळ सगळे फोटो दिवसाचे. आपल्या इकडचं निम्मं सार्वजनिक जीवन तर रात्रीचं! दिवाळीनंतर मंडई भरते, दिवसा बाजार होतो, गोवारी नाचतात. पण दंडार उभी राहते ती जेवणंखाणं उरकल्यावर, आणि चालते पार झुंजुमुंजू होईपर्यंत. तिचा फोटो शोधून सापडत नाही.

माझ्या घरचंच सांगतो. माझे एक चुलत आजोबा दंडारीत बाईची सोंगं घ्यायचे. त्यांचा एकुलता एक फोटो आमच्याकडे आहे. लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, कमरेवर हात. घरात सगळे म्हणतात, ‘हे दंडारीतले आजोबा.’ मीही तसंच समजत होतो. या कामाच्या निमित्ताने तो भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं की डोळे उन्हाने बारीक झालेत, तोंडाचा रंग ओघळलाय आणि मागे शेणाने सारवलेल्या भिंतीवर सावली पडलीय, लांब, सकाळची. मग आजी सांगायची ते आठवलं : फोटोवाल्याने त्यांना ऊन वर येईपर्यंत सोंग उतरू दिलं नव्हतं. म्हणजे हा फोटो दंडारीचा नाहीच. दंडार संपल्यानंतरचा, रात्रभर जागलेल्या माणसाचा आहे.

फोटोवाल्याचा यात दोष नाही. त्या काळी हौशी माणसाकडे बहुधा आगफा क्लिक थ्री असायचा. वडोदऱ्यात बनणारा, १२० चा रोल, एका रोलात बारा चौकोनी फोटो. त्यावर ऊन आणि ढग अशी जुळवणी होती; रात्र नव्हती. हिशेब करून पाहू. पेट्रोमॅक्सचा उजेड दोन मीटरवर उन्हाच्या साधारण हजारावा भाग उरतो. १०० च्या फिल्मवर, आठच्या अॅपर्चरला, असा फोटो यायला सुमारे दोन सेकंद लागतील. दोन सेकंदांत दंडारीतला नाच्या दोन गिरक्या घेतो. बत्ती पाच मीटरवर टांगलेली असेल तर बारा सेकंद धरा. म्हणजे फोटोत माणूस नाही, धूर येणार. आणि बारातला एक फोटो असा वाया घालवायची कोणाची छाती?

फ्लॅश होता की, असं कोणी म्हणेल. होता. पण बल्ब एकदा उडाला की गेला, आणि त्याचे पैसे वेगळे. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आल्यावर लग्नाच्या फोटोंत रात्र दिसू लागते, तीसुद्धा अर्धीच : पुढचे दोन चेहरे पिठासारखे पांढरे, मागे काळा पडदा. मांडव, वाजंत्री, कडेला बसलेल्या बाया, सगळं त्या काळ्यात गडप.

ही अडचण एकट्या लालबर्ऱ्याची नव्हे, फोटोइतकीच जुनी आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर डॉ. नारायण दाजी होते, भाऊ दाजींचे बंधू. तेव्हा ओल्या काचेचं तंत्र नवं होतं. काचेवरचं रसायन वाळायच्या आत फोटो काढून धुवायचा, त्यामुळे अंधारात हवा तेवढा वेळ काच उघडी ठेवायचीही सोय नाही. अजिंठ्याचं पाहा. तिथली चित्रं उतरवून घ्यायला १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांना पाठवलं ते रंग आणि कुंचला देऊन. पुढे गिल स्वतः कॅमेरा वापरू लागले, त्यांचे लेण्यांचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकात आले. पण चित्रांच्या नकला हातानेच करायच्या राहिल्या. एक तर आत काळोख, त्यात फोटोला रंग नाही. त्यातल्या बऱ्याचशा नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या.

वाघाचंही तेच. शिकारीच्या जुन्या फोटोंत वाघ मेलेला असतो, आणि ऊन असतं. जिवंत वाघ रात्रीचा, त्याच्या वाटेवर चालताना दिसला तो एफ. डब्ल्यू. चँपियन यांच्यामुळे. हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात ते वाटेवर तार लावायचे, वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा. त्यांचं पुस्तक १९२७ चं. आज कान्हा आणि पेंच भागात झाडाला बांधलेले कॅमेरे याच वंशातले.

आता आपल्याकडची पोरं. सोनेवानीच्या जंगलात संध्याकाळी काढलेले फोटो एकमेकांना दाखवतात आणि नॉइजवरून तासन्‌तास भांडतात : कोणाचा कॅमेरा ६४०० ला फुटतो, कोणाचा नाही. आम्हा म्हाताऱ्यांना आधी ती चैनीची बडबड वाटायची. पण वरचाच हिशेब पुढे न्या. तेच भिंग, तोच पेट्रोमॅक्स; १०० च्या जागी ६४०० घेतलं की दोन सेकंदांचं काम एका सेकंदाच्या तिसाव्या भागात होतं. २००७ मध्ये निकॉन डी-३ आला तेव्हा ६४०० ही त्याची नेहमीची मर्यादा होती, त्यापुढेही ताणता यायचं. म्हणजे दंडार चालू असताना, दंडारीच्याच उजेडात तिचा फोटो काढणं आपल्या हयातीत शक्य झालं. तोवर पेट्रोमॅक्स जाऊन एलईडीच्या माळा आल्या, ते सोडा.

मोबाइलने मात्र नवीन घोळ घातलाय. २०१८ पासून फोनमध्ये रात्रीची खास सोय येऊ लागली. फोन पटापट बरेच फोटो घेतो, एकावर एक रचतो आणि उजळून देतो. मागच्या मंडईत एका पोराने काढलेला फोटो पाहिला. झाडाखाली बसलेल्या बायांच्या लुगड्यांचे काठ ओळखू येत होते. मी तिथे दहा पावलांवर उभा होतो. मला त्या बाया दिसल्याच नव्हत्या. शंभर वर्षांनी कोणी हा फोटो पाहून लिहील की मंडईत लख्ख उजेड असायचा, तर त्याला काय म्हणणार?

म्हणून आपल्या संग्रहाच्या नोंदवहीत तारीख आणि गाव यांच्या शेजारी आता आणखी एक रकाना आखलाय : उजेड कशाचा होता, आणि फोनने उजळला का. आजोबांच्या फोटोपुढे ‘दंडार’ खोडून ‘दंडारीनंतरची सकाळ, ऊन’ असं लिहिलं. घरी हे आवडलं नाही. धाकट्या काकूंचं म्हणणं, इतकी वर्षं दंडारीतले होते ते, राहू द्यायचे होते तसेच.